ओडाचं वावर

सकाळी साडेसातले मी चोर पकडला आणि आठ वाजता साऱ्या जगाले त्याचं नाव सांगून मोकळी झाली. तोंडात ब्रश तसाच होता. इतकी घाई.

मी सुचिता. गाव देऊळघाट, बुलढाण्याच्या अगदी जवळ. पुण्यात पाच वर्षं नोकरी केली. तिथं 'मले' म्हटलं की सारे दात काढत, म्हणून 'मला, मला' करून जीभ वाकडी करून घेतली. आता त्याच कंपनीचं काम घरून करते आणि घरात मले म्हणते. ज्याले हसायचं त्यानं हसावं.

कंपनीचं काम पोटासाठी. माझं खरं काम म्हणजे सुपडं. मी लिहिलेल्या लायब्ररीचं हे नाव. पुस्तकांची लायब्ररी नव्हे. तयार कोडचा एक लहानसा गठ्ठा, इंटरनेटवर फुकट ठेवलेला, कोणीही उचलावा आणि आपल्या प्रोग्रामात घालावा. ब्लॉकचेनवर पैसे पाठवणारे प्रोग्राम जे लिहितात त्यांच्यासाठी ते आहे. तिथं एकदा पाठवलेलं परत येत नाही. बँक नाही, मॅनेजर नाही, मग पाया पडणार कोणाच्या? पत्ता म्हणजे बेचाळीस अक्षरांचं गिचमिड. चुकीचा पत्ता पडला की गेलं ते गेलं. म्हणून पाठवायच्या आधी सारं पाखडून घ्यायचं, खडे बाजूले काढायचे, आई तुरी पाखडते तसं. जगातले चारेकशे प्रोजेक्ट सुपड्यावर चालतात. मले त्याचा एक रुपया भेटत नाही, पण नाव आहे. कंपनीनं घरून काम करू दिलं ते याच नावावर.

आणि चोराचं नाव ओडा.

ओडा चौदा महिन्यांपूर्वी आला. आला म्हणजे त्याचा संदेश आला, सोबत माझ्या कोडमधली एक चूक दुरुस्त करून पाठवलेली. बाई की बुवा, म्हातारा की पोट्टा, काही ठाव नाही. फोटोच्या जागी एका बोटीचं चित्र. देश असा की हिवाळ्यात दुपारी तीनले अंधार पडते. मी आपली त्याले 'तो' म्हणते, सोयीचं पडते. आला आणि लागला कामाले. लोकांच्या तक्रारींले उत्तरं दे, चुका काढ, जुन्या ओळी साफ कर. यंदाच्या ऑक्टोबरात मले डेंग्यू झाला, तीन आठवडे मी खाटेवर, तेव्हा सारं सुपडं त्यानं एकट्यानं सांभाळलं. कोणी मागे लागलं नव्हतं त्याच्या.

आमच्याकडे सावड असते. माझ्या बाबाकडे एक बैल, शेजारच्या उकंडकाकाकडे एक. दोघांची जोडी जुपायची, आज आमच्या वावरात, म्हणजे शेतात, उद्या त्यांच्या. तीस वर्षं झाली, कागदावर एक अक्षर नाही. ओडाचं काम पाहून मले वाटे, बाप्पा, हे तं आपल्या सावडीसारखंच आहे. डेंग्यूतून उठली तेव्हा बाबाले विचारलं, "जो माणूस वर्षभर आपल्या वावरात राबला, त्यानं दाण्याच्या कोठ्याची चावी मागितली तं?"

बाबा दोर वळून राह्यले होते. म्हणाले, "मागू कायले देतं? त्याच्या आधीच द्या लागते."

मी दिली. सुपड्याची नवी आवृत्ती सोडायचा हक्क तोवर फक्त माझ्याकडे होता, तो ओडालेही दिला. आवृत्ती सोडायसाठी मी एक स्क्रिप्ट करून ठेवली आहे, चालवली की सारं आपोआप होते, तीही दिली. ती स्क्रिप्ट म्हणजे आमच्या गावच्या लाईटची कृपा. माझ्या लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली. लाईट गेली की लॅपटॉप बंद, केलेलं काम पाण्यात. म्हणून दर दहा मिनिटांनी माझं अर्धवट काम इंटरनेटवरच्या एका फोल्डरमध्ये जाऊन पडते. त्याले मी 'पाटी' म्हणते. आवृत्ती सोडताना स्क्रिप्ट आधी पाटीतलं काम ओतून घेते, मग बाकीचं करते. माझं काही वाया जाऊ नये, एवढाच त्यातला मतलब.

काल संध्याकाळी ओडानं पहिल्यांदा स्वतः आवृत्ती सोडली. झाली म्हणून मले कळवलं. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि जेवाले बसली.

सकाळी ब्रश करत फोन पाह्यला, तर ब्राझीलमधल्या एकानं लिहिलेलं: नव्या आवृत्तीत अकरा ओळी अशा आहेत ज्या तुमच्या मूळ कोडमध्ये कुठंच नाहीत. मी लॅपटॉप उघडला. रक्कम मोठी असली की त्या ओळी पाठवायचा पत्ता गुपचूप बदलत होत्या. खरा पत्ता काढून तिथं दुसराच एक घालत होत्या आणि वरून 'सारं ठीक आहे' म्हणत होत्या. माझं सुपडं खडे काढायचं सोडून दाणे पळवून राह्यलं होतं.

मग जो राग आला. चौदा महिने. चौदा महिने या माणसानं गोड बोलून घरात पाय पसरले आणि चावी हातात पडल्या पडल्या हे केलं. आवृत्ती मागे घेतली. ओडाचे हक्क काढून टाकले. आणि सुपड्याच्या पानावर सगळ्यात वर लिहिलं: 'कालची आवृत्ती कोणी वापरू नका. आमचा सहकारी ओडा यानं तिच्यात पैसे चोरणाऱ्या ओळी घातल्या आहेत. मी त्याले काढलं आहे. विश्वास ठेवला, ही माझी चूक.' इंग्रजीत लिहिलं, पण अर्थ हाच. शेवटचं वाक्य लिहिताना डोळ्यात पाणी आलं. स्वतःचीच कीव आली मले.

नऊ वाजता ओडाचं उत्तर आलं. 'मी काहीच घातलं नाही. तू दिलेली स्क्रिप्ट चालवली, तेवढंच. माझं काय चुकलं ते सांगशील का?'

सांगशील का म्हणे. मी सांगितलं नाही.

पण बाकीच्या जगानं सांगितलं. दहा वाजेपर्यंत त्या पानावर तीनशे लोक येऊन बोलून गेले. ओडानं आजवर जिथं जिथं हात लावला होता तिथं जाऊन लोक तपासत होते, त्याच्या बोटीच्या चित्राखाली नाही नाही ते लिहीत होते. एका मोठ्या प्रोजेक्टवाल्यानं त्याचं सारं काम उपटून टाकलं. आणि माझी तारीफ. काय नजर आहे, काय हिंमत आहे. मले बरं वाटलं, खोटं कायले बोलू. ज्या पुण्यात माझ्या बोलण्याले हसले, तिथलेच दोघं माझं लिहिलेलं पुढे पाठवून राह्यले होते.

तरी जीव एका जागी ठरत नव्हता. बसली की उठावं वाटे, उठली की फोन पाहावा वाटे. अंगणातून घरात, घरातून अंगणात. काल संध्याकाळपासून सकाळपर्यंत कित्येकांनी ती आवृत्ती उचलली असणार. मी मागे घेतली तरी त्यांच्याकडे ती आहेच. कोणाचे पैसे गेले तर? ब्लॉकचेनवर कोणाचाही हिशेब कोणीही पाहू शकते, म्हणून त्या पत्त्यावर काही जमा झालं का ते मी दर पाच मिनिटांनी पाहत होती. काही नव्हतं. अकरा वाजता लाईट गेली आणि लॅपटॉप डोळे मिटून बसला.

"पायाले चाकं लागली का वं?" आई चुलीपासून म्हणाली. पुष्पाबाई म्हणजे माझी आई एका कामातून दोन काढते. "हिंडाचंच आहे तं बाबाची भाकर देऊन ये वावरात."

मी डबा घेतला आणि निघाली. रस्ताभर फोनवरच डोळे. दोनदा ठेच लागली.

वावरात हरभऱ्याची पेरणी चालू होती. आजची पाळी आमची. आमचा तांबू आणि उकंडकाकाचा हरण्या जोडीनं तिफण ओढत होते. बाबा मूठ धरून बी सोडत होते आणि काका बैलांपुढं. आमच्या वावरात काका घरच्यासारखे राबतात, किंबहुना बाबापेक्षा जास्त ओरडतात. मले पाहून दोघं लिंबाखाली आले. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा सोडला आणि जेवता जेवता मी सारं सांगितलं. ब्लॉकचेन वगैरे सोडून, सोपं करून.

"म्हणजे तुह्याच वावरात राबणाऱ्यानं तुहाच कोठा फोडला?" उकंडकाका म्हणाले.

"हाव."

"मोठा पाजी निघाला बे."

"पाजीच," मी म्हटलं. आणि तेवढ्यात फोन टिंग वाजला.

मले वाटलं अजून कोणी तारीफ केली. पाह्यलं तर तसं नव्हतं. फोनात एक जुनं वॉलेट पडलं होतं माझं, पैसे पाठवायच्या चाचण्या करायसाठी कधीतरी उघडलेलं. त्यात पैसे आले होते. रक्कम लहान नव्हती. कोण्या देशातल्या कोण्या माणसानं पाठवले, मले त्याचा पत्ता नाही, त्याले माझा नाही. मग माझ्याकडे आले कसे?

मी त्या वॉलेटचा पत्ता उघडला. आणि सकाळपासून जो पत्ता पाहून पाहून मी शिव्या देत होती, तो त्याच्याशेजारी ठेवून एक एक अक्षर लावत गेली. पहिलं लागलं. दुसरं लागलं. बेचाळीसच्या बेचाळीस लागली.

चोराचा पत्ता माझा होता.

मग आठवलं, थोडं थोडं. ऑक्टोबर. दुपार. अंगात ताप, खाटेवर लॅपटॉप, आई ठेव म्हणून रागावत होती. मोठ्या रकमेची चाचणी करायची होती. खरोखर कोणाले पैसे जाऊ नयेत म्हणून मी घाईघाईनं चार ओळी लिहिल्या, त्याच्या अकरा झाल्या. मोठी रक्कम दिसली की पत्ता बदल, माझ्याच वॉलेटचा घाल. चाचणी झाली की पुसून टाकीन म्हटलं. मग लाईट गेली. लॅपटॉप बंद. ताप चढला, दुसऱ्या दिवशी मले बुलढाण्याले दवाखान्यात भरती केलं, आणि मी ते साफ विसरून गेली. पण पाटी विसरली नव्हती. त्या अकरा ओळी महिनाभर पाटीत पडून होत्या. काल ओडानं माझी स्क्रिप्ट चालवली, आणि स्क्रिप्टनं इमानदारीनं पाटी ओतली.

स्क्रिप्टच्या डोक्यावर सूचना आहे. माझी मीच लिहिलेली, मराठीत, कारण ती माझ्याशिवाय कोणी वाचणार नव्हतं: 'पहिले पाटी रिकामी करजो.'

आणि ओडानं विचारलं होतं. हेही आठवलं. चावी दिली त्याच दिवशी त्यानं विचारलं, 'वर तुझ्या भाषेत एक ओळ आहे, ती काय सांगते?' मी कंपनीच्या मीटिंगमध्ये होती. मी लिहिलं, 'काही नाही, आमच्याकडची गंमत आहे.'

हातातली भाकर मी परत डब्यात ठेवली.

आता खरं सांगते, कारण इथवर आली तर खोटं बोलून उपयोग नाही. पहिला विचार मनात आला तो हा की हे कोणालेच माहीत नाही. पत्त्यावर नाव नसते. पैसे आले तसे परत पाठवून द्यायचे, वॉलेट फोनातून काढून टाकायचं. लोक म्हणतील चोर घाबरला. ओडाचं काय, त्याचं नाव गेलंच आहे, त्याले चेहरा नाही, घर नाही, तो उद्या दुसऱ्या नावानं उगवेल. आणि मी बोलली तर? पैसे चोरणाऱ्या ओळींत पत्ता माझा, ओळी माझ्या, आणि मी म्हणणार ताप होता. कोण ऐकून घेणार? पुण्याचा साहेब उद्याच नारळ देईल हातात. सुपड्याले कोणी हात लावणार नाही. या एका नावासाठी मी सहा वर्षं पहाटे उठली होती.

"तोंड काऊन उतरलं वं?" बाबा म्हणाले.

"काही नाही."

"सांग तं."

"बाबा, त्यानं नसेल केलं असं वाटते."

"नसेल केलं तं बोलाव त्याले माघारी. किती दिवस राबला म्हणते तो आपल्या इथं?"

"चौदा महिने."

"अन् तू त्याच्या वावरात किती दिवस गेली?"

मले प्रश्नच कळला नाही आधी. "त्याच्या वावरात?"

"काऊन? त्याले वावर नाही का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

उकंडकाका भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले. "माहीत नाही? चौदा महिने माणूस येऊन राह्यला अन् त्याचं वावर कोणीकडे हेच माहीत नाही? अवं पोरी, मंग ते सावड कायची? तो तं तुहा सालदार झाला. तोही बिनपगारी."

ते हसले. सहज म्हणाले होते ते. वर्षभरासाठी घरी ठेवलेल्या गड्याले आमच्याकडे सालदार म्हणतात, त्याले निदान वर्षाचे दाणे तरी भेटतात. मी डोकं खाली घातलं आणि रडली. बाबा घाबरले. तेव्हा मग मी दोघांले सारं सांगितलं, अकरा ओळी, ताप, पाटी, पत्ता. बाबा उठले आणि बैलांले पाणी दाखवाले गेले.

धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभं राहिलं तर नेटवर्क येते. तिथं गेली. पहिले पैसे परत पाठवले. पाठवताना पत्ता तीनदा वाचला, अक्षर न् अक्षर, मोठ्यानं. मग सकाळी जे सगळ्यात वर लिहिलं होतं ते खोडलं नाही, तसंच ठेवलं, आणि त्याच्या वर लिहिलं:

'सकाळी मी लिहिलं ते खोटं आहे. ओडा चोर नाही. त्या अकरा ओळी मी लिहिल्या, तापात, चाचणीसाठी. तो पत्ता माझ्या वॉलेटचा आहे. ओडानं मले त्या स्क्रिप्टबद्दल विचारलं होतं आणि मी उडवून लावलं. आज एकाचे पैसे माझ्याकडे आले, ते परत केले आहेत, तुम्ही तपासू शकता. कोणाले अजून काही विचारायचं असेल तर मले विचारा. ओडाले जे बोलले त्यांनी त्याची माफी मागावी. सगळ्यात आधी मी मागते.'

खाली नाव लिहिलं. नुसतं सुचिता, एवढंच नाही. आडनाव, गाव, जिल्हा, सारं. बोट बटणावर ठेवून किती वेळ उभी होती माहीत नाही. मागून तिफण पुन्हा चालू झाल्याचा आवाज आला, काका हरण्यावर ओरडले, आणि मी बटण दाबलं.

मग जे व्हायचं ते झालं. सकाळी तारीफ करणारेच उलटले. कोणी म्हणे पकडल्या गेली म्हणून कबूल करते. कोणी म्हणे दोघं मिळून होते. दोन वाजता साहेबाचा मेल आला, सोमवारी बोलू. एवढाच. तीन वाजेपर्यंत सव्वाशे प्रोजेक्टनी सुपडं काढून टाकलं होतं. मी मोजणं सोडलं.

ओडा मात्र बोलेना. त्याच्या संदेशांवरचा हिरवा ठिपका विझलेला. मी चार वेळा लिहिलं. चार वाजता लाईट आली तेव्हा लॅपटॉप सुरू केला आणि आमचं जुनं बोलणं खालून वर वाचत गेली. किती लिहिलं होतं त्यानं. तुझी तब्येत कशी आहे. आज हे केलं, बघून घे. तुझ्याकडे पाऊस झाला का. आणि दर वेळी खाली माझा अंगठा. वाचत वाचत चौदा महिने मागे, त्याच्या पहिल्या संदेशापर्यंत पोचली. त्या चुकीबद्दल लिहून झाल्यावर शेवटी दोन ओळी होत्या. त्या मी तेव्हा वाचल्या असतीन. वाचल्याच असतीन.

'माझीही एक लहानशी लायब्ररी आहे, एकट्यानं सांभाळणं आता जड जातं. कधी वेळ मिळाला तर एखादी नजर टाकशील का?'

त्याच्याखाली माझा अंगठा.

मी ती लायब्ररी शोधली. भरती-ओहोटीच्या वेळा काढणारी, लहान मच्छीमार आपल्या फोनात वापरतात ती. म्हणून ती बोट. पानावर वरच लिहिलेलं, मदतीले कोणी हवं आहे. तारीख पहिल्या संदेशाच्याच आठवड्यातली. खाली एकसष्ट तक्रारी, काहींवर दोन दोन वर्षांची धूळ. चौदा महिन्यांत तिथं ओडाशिवाय कोणाचा हात लागलेला नव्हता. आणि त्याचाही कमीच, कारण तो माझ्याकडे होता.

समुद्र मी जन्मात एकदा पाह्यला आहे, अलिबागले, ऑफिसच्या सहलीत. भरती कशी मोजतात ते मले माहीत नाही. सगळ्यात जुनी तक्रार उघडली. कोण्या गावच्या मच्छीमाराची बोट चिखलात बसली होती, कारण वेळ चाळीस मिनिटांनी चुकत होती. अर्ध्या तासात चूक सापडली, ती दुरुस्त करून ओडाकडे पाठवली. तो घेईल की माझं नाव पाहून फेकून देईल, तो त्याचा हक्क आहे. सोबत मी काही लिहिलं नाही.

बाहेर फाटकातून उकंडकाका बाबाले ओरडून सांगत होते, उद्या आमच्या वावरात, सहाले बैल घेऊन येजो. बाबा हाव म्हणाले. मी दुसरी तक्रार उघडली.